बाहीवरची पट्टी

१

डॉक्टर विंग मेलेले सापडले, तेव्हा दार उघडणाऱ्याला आधी जाणवला तो वास. नासक्या अंड्यांचा. खलाशांच्या खरजेसाठी गंधकाचं पाणी भरून ठेवलेली मोठी बरणी औषधांच्या खोलीत फुटली होती आणि तिच्या काचांत डॉक्टर पालथे पडले होते. डोक्याच्या मागच्या बाजूला लोखंडी बत्त्याचा घाव होता. बत्ता मात्र पुसून जागच्या जागी ठेवलेला होता.

आमचं हॅलेट्स नेक हे गाव मुठीएवढं, आणि इथलं आरमाराचं ठाणं त्याहून लहान. त्यामुळे माझ्या चुलीवरचं चाऊडर, म्हणजे माशांचं कालवण, उकळायच्या आत बातमी दारात आली. मी केझाया क्रॉकर. माझा नवरा ऑल्डन लेफ्टनंट होता. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजावर तो गेल्या वसंतात तापानं गेला. त्याच्यावर शेवटचे उपचार ह्याच डॉक्टर विंगांनी केले होते. तेव्हापासून मी सासऱ्यांकडे राहते. ते निवृत्त कॅप्टन बर्झिलाय क्रॉकर. घरातसुद्धा त्यांना सगळे कॅप्टनच म्हणतात. दुसरं काही म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही.

दुपारी दुसरी बातमी आली. ठाण्यानं खुनी पकडला होता. मास्टर अ‍ॅन्सेल डोन. मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत, आरमारातला लेफ्टनंटच्या एक पायरी खालचा हुद्दा. आणि हा अ‍ॅन्सेल माझा सख्खा धाकटा भाऊ.

उत्तर-दक्षिणेचं युद्ध चालू असताना आपल्याच अधिकाऱ्याचा खून केला, तर शिक्षा काय होते हे मला कुणी सांगायला नको होतं. हातातली पळी तशीच चाऊडरमध्ये बुडाली.

"कॅप्टन," मी म्हटलं, "त्याला फाशी देतील."

"देतील की," कॅप्टन उठत म्हणाले. "माझी काठी कुठंय?"

२

ठाण्याचे प्रमुख जोएल ब्रूस्टर कॅप्टनांच्या हाताखाली वाढलेले. गेल्या उन्हाळ्यात नवा कायदा झाला, आरमारात नवे हुद्दे आले, आणि ब्रूस्टर कमोडोर झाले. कॅप्टनांना ते अजून पचलेलं नाही.

"ये, बस, जोएल," स्वतः पाहुणे असून कॅप्टनच त्यांना म्हणाले. "काय ते रिअर अ‍ॅडमिरल, कमोडोर, लेफ्टनंट कमांडर! वॉशिंग्टनात भट्टी लावलीय वाटतं, रोज एक नवा हुद्दा भाजून काढतात. आमच्या वेळी कॅप्टन म्हटलं की संपलं."

कमोडोर हसले नाहीत. माझ्याकडे बघायचंही त्यांनी टाळलं.

"परवा सगळ्यांसमोर भांडण झालं होतं," ते म्हणाले. "अ‍ॅन्सेल डॉक्टरांना म्हणाला, माझ्या बहिणीच्या पेन्शनवर सही करत नाही, तुम्ही माणूस आहात की दगड? डॉक्टर म्हणाले, थॉर्पच्या हातून आलेल्या कागदावर मी मेलो तरी सही करणार नाही."

हे खरं होतं. लायसँडर थॉर्प हा आमच्या गावचा पेन्शनचा वकील. अर्ज करून देण्याबद्दल पाच डॉलरच्या वर घ्यायचे नाहीत असा कायदा आहे. थॉर्प निम्मं पेन्शन घ्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा टोपी काढायचा. डॉक्टरांनी मला निरोप पाठवला होता, त्याला सोड, सरळ माझ्याकडे ये. मी रागानं गेले नव्हते.

"भांडणावरून कुणी फासावर जात नाही," कॅप्टन म्हणाले. "अजून काय आहे?"

कमोडोरनी दार लावून घेतलं. "हे ह्या खोलीबाहेर जायला नको. खटल्यापर्यंत मी कुणालाही कळू दिलेलं नाही." मग त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला आत बोलावलं.

टियर्नी नावाचा तो आयरिश शिपाई भरती होऊन थोडेच दिवस झालेला. बंदुकीशिवाय हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

"संध्याकाळची तोफ झाली होती, साहेब. त्यानंतर गावातलं कुणी आत सोडायचं नाही. धुकं दाट होतं. एकजण आला, अंगावर मोठा झगा, टोपी खाली ओढलेली. मी हटकलं, कोण आहे? आपल्याकडे अधिकारी नुसता हुद्दा सांगतात, तसं तो म्हणाला, लेफ्टनंट. मग सलाम करायला हात वर केला तसा झगा मागे सरला आणि कंदिलात बाही दिसली. साहेब, ती बाही मास्टरची होती."

"मग सोडलंस कशाला?"

"मला वाटलं डोन साहेब गंमत करतायत. त्यांना लेफ्टनंट व्हायची घाई आहे, हे सगळ्यांना माहितीये." तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "मी अडवलं असतं तर डॉक्टर जिवंत असते."

"ठाण्यात लेफ्टनंट एकच, गिफर्ड," कमोडोर म्हणाले. "तो त्या वेळी माझ्याच टेबलावर जेवत होता. मास्टरही एकच आहे. अ‍ॅन्सेलनं गिफर्डचं सोंग घेतलं आणि बाही लपवायला विसरला."

"मास्टरला बाहीवर काय असतं हल्ली?" कॅप्टननी विचारलं. "आमच्या वेळी नुसती बटणं होती."

"आता पट्टी असते."

"असेल बाबा. तुम्ही द्याल ते थोडंच." कॅप्टन उठले. बाहेर आल्यावर काठी टेकत फाटकापर्यंत गेले. मग पुटपुटले, "बुटात खडा गेलाय, पोरी. दिसत नाही, पण टोचतोय."

३

अ‍ॅन्सेलला तोफांच्या जुन्या दारूकोठारात ठेवलं होतं. भिंतींना आतून बर्फ धरला होता. त्याचा कोट पुरावा म्हणून काढून घेतलेला, अंगात नुसता सदरा. माझ्या भावाचे ओठ निळे पडलेले मी लहानपणी एकदा पाहिले होते, तो बर्फातून खाली पाण्यात पडला होता तेव्हा. तेव्हा मी त्याला केसाला धरून वर ओढला होता. आता कुठं धरू, हे कळत नव्हतं.

"तू कुठं होतास संध्याकाळी?" मी विचारलं.

"धक्क्यावर. एकटाच. डॉक्टरांची माफी कशी मागावी ह्याचा विचार करत होतो." तो हसायला गेला, पण दात वाजले. "कुणी पाहिलं नाही, केझी. धुकं होतं."

"तू लेफ्टनंट असल्याचं सांगितलंस, असं म्हणतात."

"मी? ऐक, मला सोंग घ्यायचं असतं तर मी आधी पट्टी चोरली असती. मास्टरला एक जाड पट्टी. लेफ्टनंटला जाड आणि तिच्यावर एक बारीक. ती बारीक पट्टी माझ्याकडे नाही म्हणून उन्हाळ्यापासून मला झोप नाही! गिफर्डच्या बाहीकडे मी कसा बघतो, विचार त्याला. उपाशी माणूस पावाकडे बघतो तसा. आणि ती मी विसरेन?"

कॅप्टन दाराशी काठीवर रेलून उभे होते. त्यांनी फक्त एकच प्रश्न केला. "तुझ्या कोटावरची जरीची पट्टी काळी पडली होती का रे?"

"नाही. का?"

"काही नाही. थंडी वाजतेय तुला. केझाया, ह्याच्यासाठी कोट बघ काहीतरी."

बाहेर पडताना पहारेकरी दुसऱ्याला सांगत होता, खटला पुढच्या आठवड्यात, बोस्टनहून अधिकारी निघालेत. आमच्याकडे बोस्टनहून अधिकारी येतात ते निवाडा ठरवून येतात.

४

मी थॉर्पकडे गेले. का गेले, विचाराल तर धड सांगता येणार नाही. कायदा जाणणारा गावात तो एकच होता, आणि बुडत्या माणसाला पुढ्यातला दोर कुणाचा आहे ह्याच्याशी देणंघेणं नसतं.

त्याच्या कचेरीत शेगडी रसरसलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी मूठभर दालचिनी जाळली होती. नाकाला झिणझिण्या आल्या. विधवांच्या पैशानं दालचिनी जाळतो, मी मनात म्हटलं.

"बसा, मिसेस क्रॉकर, बसा," तो लोण्यासारखं बोलला. थॉर्प एके काळी आरमारातच होता. युद्धाच्या आधी राजीनामा देऊन धंद्यात पडला, आणि गेल्या पानगळीत बोस्टनहून आमच्या गावात आला. "फार वाईट झालं. पण तुमच्या पेन्शनची काळजी नको. चौदा जुलैचा कायदा माझा तोंडपाठ आहे, शब्दन् शब्द. आता डॉक्टर नाहीत, तर त्यांच्या सहीची अडचणही राहिली नाही."

मला शिसारी आली. "मी भावासाठी आलेय."

"हो, हो. खरं सांगू, मी थक्कच झालो. मला वाटलं होतं, गिफर्डला धरतील."

"गिफर्डला? का?"

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. "असंच हो. उर्मट माणूस आहे."

मी निघाले तेव्हा तो माझ्या मागे दारापर्यंत आला. "तुमच्या सासऱ्यांना सांगा, ह्या वयात थंडीत फिरू नये. माणसं पडतात, आणि धुक्यात आवाज ऐकू येत नाही."

तो हे हसत बोलला. मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

५

पेटी उघडली. कापराच्या वासात ऑल्डनचा कोट घडी घालून ठेवला होता. तो गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. पण मेलेल्याचा कोट पेटीत ऊब धरणार आणि जिवंत माणूस गारठून मरणार, हे मला पटेना. हुद्दा वेगळा, म्हणून बाहीवरचं जास्तीचं उसवायला मी कात्री घेऊन बसले.

कात्री तशीच हातात राहिली.

"कॅप्टन!" मी ओरडले. "हे बघा. उसवण्यासारखं काही नाहीच. अ‍ॅन्सेलच्या बाहीवर आहे तेवढंच आहे. एक जाड पट्टी."

कॅप्टन आले. डोळे अधू, म्हणून त्यांनी अंगठ्यानं पट्टी चाचपली. एकदा, पुन्हा एकदा.

"ऑल्डन काय होता?"

"लेफ्टनंट."

"गेला कधी?"

"वसंतात." आणि मग मलाही दिसलं. "हुद्द्यांचा नवा कायदा जुलैचा!"

कॅप्टन खुर्चीत बसले. "मी गाढव आहे, पोरी. नव्या हुद्द्यांची टिंगल करत बसलो, नवा गणवेश कधी नीट पाहिला नाही. आमच्या वेळी लेफ्टनंटची खूण हीच, एक पट्टी. नव्या नियमात तीच पट्टी मास्टरला गेली. आता सांग, तोंडानं लेफ्टनंट म्हणायचं आणि बाहीवर एक पट्टी बेधडक कंदिलात धरायची, हे कोण करील? ज्याची बारीक पट्टीवाचून झोप उडालीय तो?"

"नाही. ज्याला बारीक पट्टी असते हेच माहीत नाही तो."

"म्हणजे नव्या कायद्याच्या आधी आरमार सोडलेला. तसे गावात तिघे. एक मी, माझ्या बाहीवर तीन आहेत. दुसरा माझा पोरगा." त्यांनी कोटाची बाही सरळ केली. "आणि तिसरा?"

मी कात्री खाली ठेवली. "थॉर्प म्हणाला होता, गिफर्डला धरतील असं वाटलं होतं. कॅप्टन, खुन्यानं स्वतःला लेफ्टनंट म्हटलं हे कमोडोरनी कुणालाही सांगितलेलं नाही!"

"नाही ना?" कॅप्टन हळूच म्हणाले. "मग त्याला कुठून कळलं?"

"पण तो ह्याच गावात राहतो. रोज गिफर्डला बघतो."

"हिवाळाभर गिफर्ड ओव्हरकोटात असतो. आणि माणूस जे पाठ आहे असं समजतो, ते पुन्हा बघत नाही. मी तरी कुठं बघितलं? थॉर्प बघतो ते विधवांच्या हातातल्या अंगठ्या. जुलैत चौदा तारखेला पेन्शनचा कायदा झाला, तो त्यानं घोकला, कारण त्यात कमाई होती. दोनच दिवसांनी हुद्द्यांचा झाला. तो त्यानं उघडूनही पाहिला नसेल."

"मग चला कमोडोरकडे!"

"जाऊन काय सांगू? एका म्हाताऱ्यानं कोट चाचपला? बोस्टनवाले हसतील." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "डॉक्टर विंगांना आपण नीट निरोप देऊ. गावात दवंडी पिटू दे. ज्यानं ज्यानं कधी आरमाराचा कोट घातला, त्यानं तो घालून दफनाला यावं."

"आणि तो आला नाही तर?"

"येईल. न येणाऱ्याकडे लोक बघतात, आणि त्याला बघितलेलं नकोय."

६

दफनाच्या दिवशीही धुकं होतं. जमीन इतकी गोठलेली, की खड्ड्याच्या जागी आदल्या दिवसापासून जाळ करावा लागला होता. काळी पडलेली ती माती बघवत नव्हती.

स्मशानाच्या फाटकावर टियर्नी बंदूक घेऊन उभा होता. कॅप्टननी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की जुनी चाल आहे, सोबत्याला पोचवायला येणारा प्रत्येक अधिकारी फाटकावर आपला हुद्दा सांगतो आणि सलाम करून आत जातो. मी दर्यावर्दी माणसांच्या घरात जन्मले. ही चाल मी कधीच ऐकली नव्हती.

"कोण आहे?" टियर्नीनं हटकलं.

"कॅप्टन," माझे सासरे गरजले, आणि तीन पट्ट्यांचा हात कपाळाशी गेला.

"कोण आहे?"

"कमोडोर."

"कोण आहे?"

"लेफ्टनंट," गिफर्ड म्हणाला. ओव्हरकोट त्यानं हातावर घेतला होता. जाड पट्टी, वर बारीक.

मग धुक्यातून झगा पांघरलेला एकजण आला. टोपी खाली ओढलेली.

"कोण आहे?"

"लेफ्टनंट," थॉर्प म्हणाला, आणि सलामाला हात वर केला. झगा मागे सरला.

टियर्नीनं बंदूक बाजूला घेतली नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. "साहेब," तो कमोडोरना म्हणाला, पण डोळे त्या बाहीवरून हलेनात. "तोच आवाज. तीच बाही. देवाशपथ तोच."

"काय मूर्खपणा आहे हा!" थॉर्प म्हणाला. "मी लेफ्टनंट होतो. लेफ्टनंटची पट्टी लावलीय."

"कुठली पट्टी, लायसँडर?" कॅप्टन जवळ गेले.

"ही. एक. लेफ्टनंटला एकच असते."

गिफर्डनं न सांगता आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. थॉर्पनं ती बारीक पट्टी पाहिली. एखाद्याच्या तोंडावरचं रक्त असं उतरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून बरं वाटलं.

"जुना कोट आहे," तो चाचरला. "जुन्या नियमाचा. त्यानं काय सिद्ध होतं?"

"कोट जुना आहे खरा, विटलाय पार," कॅप्टन म्हणाले. "पण पट्टी? काल लावल्यासारखी झगझगतेय. जुनी काय झाली?"

"काळी पडली होती. बदलली. डॉक्टरांचा मान म्हणून."

"जरीची पट्टी काळी पडते ती गंधकानं. घरच्या बायकांना विचार. डॉक्टरांच्या खोलीत गंधकाचं पाणी सांडलं होतं, आणि अ‍ॅन्सेलची पट्टी कमोडोरच्या कपाटात अजून चमकतेय. जुनी पट्टी कुठाय?"

"फेकली."

"जरीत चांदी असते. तू आयुष्यात चांदी फेकली नाहीस."

तेवढ्यात मला दालचिनी आठवली. "कॅप्टन, त्याच्या कचेरीत वास झाकायला दालचिनी जाळली होती!"

गावचा शेरीफ थॉर्पच्या कचेरीकडे गेला आणि आम्ही थांबलो. डॉक्टरांची शवपेटी खांद्यांवर होती, आणि कुणी ती खाली ठेवली नाही. थॉर्प दोन शिपायांमध्ये उभा राहून धुक्याकडे बघत होता. शेरीफ परत आला तेव्हा हात लांब धरून चालत होता. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता, आणि डब्यातल्या काळ्याठिक्कर पट्टीचा वास आम्हाला तो फाटकाशी पोचायच्या आधीच आला.

"तुझ्या कागदांवर डॉक्टर सही करत नव्हते ते ह्याचसाठी. त्यांनी तुझ्या खोट्या विधवा शोधल्या होत्या ना?" कॅप्टननी विचारलं. "आणि डॉक्टरांच्या खोट्या सह्या करून मिळवलेल्या पेन्शनी?"

थॉर्प आता पुन्हा हसला, आणि ते हसू मला अजून विसरता येत नाही. "मी एकट्यानं मंजूर केल्या काय त्या? वर किती हात आहेत तुम्हाला ठाऊक आहे, कॅप्टन? मला लटकवाल. ते हात तसेच राहतील."

कॅप्टननी त्याच्याकडे पाठ फिरवली. "पेटी आत घ्या," ते म्हणाले.

७

वरच्या हातांपैकी एक तुटला, बाकीच्यांची नावं अजून कुणी घेत नाही. माझं पेन्शन मंजूर झालं, वकिलाशिवाय. थॉर्पचं जे व्हायचं ते बोस्टनला झालं.

दारूकोठारातून बाहेर आला तेव्हा अ‍ॅन्सेलच्या अंगात ऑल्डनचाच कोट होता. तो त्यानं परत दिला नाही आणि मी मागितला नाही. बर्फ वितळायच्या सुमारास त्याला लेफ्टनंटची नेमणूक आली, आणि तिच्यासोबत हुकूमही, दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदरासमोरच्या ताफ्यात हजर व्हा. तिकडून त्या दिवसांत बऱ्या बातम्या येत नव्हत्या.

"केझी, लाव ना ती बारीक पट्टी," कोट माझ्या मांडीवर टाकत तो म्हणाला. "ह्याच कोटावर."

मी खिडकीशी बसून ती लावली. तो एवढा खूश होता, की त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. कॅप्टननी मात्र अंगठा फिरवला आणि भुवया वर केल्या.

"पोरी, हे कच्चे टाके आहेत. महिनाभरात निघेल ही."

"माहितीये मला," मी म्हटलं. मी अ‍ॅन्सेलच्या गळ्याशी बटण लावलं. "पक्की शिवून हवी असेल तर त्यानं घरी यावं."